चार बोटं माया

४ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग म्हणणार होतो, पण खुर्चीत बसून बसून कंबरेने संप पुकारलाय, तेव्हा अर्धा वाकलो असं समज.

फोनवर आपण भांडतो म्हणून पत्रंच लिहायची, हा तुझा कायदा मी बाबा गेल्यापासून तीन वर्षं पाळतोय. भांडण पत्रातही होतं, फक्त एकेका टोमण्याला आठवडा लागतो. या खेपेला मात्र भांडण नाही, काम आहे.

बाबांनी मला शिवलेला तो कोट तुझ्याकडे असेल ना? करडा, उजवी बाही तेवढी तपकिरी. मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत, बाबांच्या मोठ्या कात्रीखाली असायचा. तो मला हवाय. घालायला नव्हे, आता त्यात माझं एकटं पोटसुद्धा मावणार नाही.

मी कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या माणसांचे कपडे चितारतो हे तुला माहीतच आहे (तू लोकांना सांगतेस, "धाकटा चित्रातल्या बाहुल्यांचा शिंपी आहे", तेही खरंच आहे). तर आमच्या खेळाला फेब्रुवारीत दहा वर्षं होतील. त्या खेळात अगदी तस्साच एक कोट आहे. नऊ वर्षांपूर्वी मीच काढला होता. साऱ्या खेळात तसे फक्त चारशे अकरा आहेत, आणि आज त्याच्याइतकी मागणी दुसऱ्या कशालाच नाही. ज्यांच्याकडे आहे ते अंगातून काढत नाहीत, आणि नाही ते त्यांच्या मागे मागे फिरतात. कोट घातल्याने खेळात ताकद वाढत नाही की वेग वाढत नाही. नुसता दिसतो. तरी ही तऱ्हा.

कंपनीला खरा कोट काचेच्या पेटीत ठेवायचाय, शेजारी बाबांचा फोटो आणि गोष्ट. पाटी वीस जानेवारीला छापायला जाते. चित्र सोबत पाठवतोय. खेळात त्याचं नाव आहे "शिंप्याची चूक". बाबा खूश झाले असते.

काज मजेत आहे. तेरावं लागलं. तू ठेवलेलं नाव तिला आता आवडत नाही, पण बटणाच्या मुलीचं नाव काजच असणार हे मी तिला समजावलंय.

तुझा,
बटण (वय पंचेचाळीस)

---

१५ नोव्हेंबर

चि. बटणास,

आशीर्वाद. वयाचं काय सांगतोस? दोन वर्षांचा असताना बाबांच्या डब्यातलं बटण गिळलंस आणि ते परत मिळेपर्यंत दोन दिवस सगळं घर तुझ्या मागे मागे फिरत होतं. तेव्हा तूही चारशे अकरातलाच होतास.

चित्र पाहिलं. चष्मा लावून पाहिलं, मग भिंग लावून. कॉलर बरी बसलीय. बाही जोडतात तो मुंढा मात्र चुकलाय, त्या बाहुलीने हात वर केला तर सगळा कोट वर जाईल. शिलाई कुठेच दिसत नाही. मला सांग, त्या कोटाच्या आत काय असतं? अस्तर असतं का? उलटा करून बघता येतो का?

आणि चारशे अकराच का? कापड संपलं?

मी हे घड्याळकाकांना वाचून दाखवलं. तेच ते, समोरचे, अजून भिंग डोळ्याला लावून बसलेले असतात. ते म्हणाले, "म्हणजे जे नाहीच ते कमी आहे, आणि कमी आहे म्हणून भारी आहे." मग म्हणाले, बटण लहानपणी काय वेगळं करत होता? तेही खरं. तुझा तो बिस्किटांचा डबा आठवतो? जोडीदार नसलेली बटणं तुझी, असा बाबांचा नियम होता. सहाचा संच असेल तर हात लावायचा नाही, एकटं उरलं की तुझं. तू कापायच्या टेबलाखाली बसून ती ओळीने लावायचास आणि वरून आमच्या कात्रीचा आवाज यायचा. एकदा बाबांनी एका संचातलं बटण मुद्दाम हरवलं, तुला हिरवं हवं होतं म्हणून. गिऱ्हाइकाला म्हणाले, कुठे गेलं कोण जाणे. डबा अजून आहे.

आता नावाचं. ते नाव बदल.

आपल्या बाबांनी आयुष्यात वीतभर कापड वाया घालवलं नाही. त्यांची कातरण मुठीत मावायची. त्यांच्या फोटोशेजारी "चूक" हा शब्द लागलेला मला चालणार नाही. तुला हसण्यावारी वाटत असेल, मला नाही.

कोट बघते सापडतो का. काजला पापा.

ताई

---

२६ नोव्हेंबर

ती. ताईस,

मुंढ्याबद्दल कान धरले. नऊ वर्षांत चारशे अकरा लोकांपैकी एकालाही दिसला नव्हता.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आत काही नसतं. आमचे कपडे वरूनच असतात, आतली बाजू कोणी काढत बसत नाही. दिसत नाही ते काढायचं कशाला? आणि कापड संपत नाही. आमच्याकडे कापड कधीच संपत नाही, ताई. आम्हीच हात आवरतो.

पण त्या कोटाच्या वेळी तसं नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात आमची यंत्रं दोन दिवस बंद पडली. लोक चिडून सोडून गेले. आम्ही नऊ जण एका खोलीत, नोकरी राहते की जाते म्हणून एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो. रविवारी यंत्रं सुरू झाली तेव्हा बॉस म्हणाला, आज जे कोणी परत येतील त्यांना काहीतरी देऊ या, दोन वाजेपर्यंत काढ. मला काही म्हणजे काही सुचेना. खिडकीबाहेर कडाक्याची थंडी होती, आणि मला तो कोट आठवला. काढला. त्या दिवशी चारशे अकरा जण आले. बस, एवढीच गोष्ट. आता मात्र आम्ही ठरवून कमी करतो. हजार म्हणजे हजार, वर उलटं पळणारं घड्याळ लावायचं, आणि लोक जेवण टाकून धावत येतात.

त्या चारशे अकरांपैकी एक नर्सबाई आहेत. खेळात निघालेला प्रत्येक मर्यादित कपडा त्यांच्याकडे आहे, कपाटं भरून. पण अंगात हाच कोट असतो. आणखी एक जुने ट्रकचालक आहेत, ते परवलीचा शब्द विसरले. दर महिन्याला मला लिहितात, "साहेब, माझा कोट आत अडकलाय." मी दर महिन्याला उत्तर देतो. दार काही उघडत नाही.

म्हणून नाव बदलता येत नाही. त्या लोकांच्या लेखी त्या नावाचा कानामात्रासुद्धा जुना आहे. आणि खरं सांगू, नाव मी मनाने दिलेलं नाही. बाबांनीच दिलंय. शाळेच्या फोटोचा दिवस आठव. मी कोट घालून गेलो आणि "दीड कोट, दीड कोट" ऐकत परत आलो. दुकानात हेडमास्तरीणबाई बसल्या होत्या, बेकरीवाले होते. बाबांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "चुकलं माझं. कापताना अंदाज चुकला." तू दारातच उभी होतीस, तूही ऐकलंस. मग आता का रागावतेस?

कोट सापडला का?

बटण

---

९ डिसेंबर

चि. बटणास,

आशीर्वाद. कोट सापडला नाही. ट्रंकेत कसर लागली होती, बरंच टाकून दिलं. त्यातच गेला असेल. जुन्या गोष्टींचं काय एवढं?

थंडी फार आहे. बोटं वळत नाहीत. बाबांचा फोटो लावू नका.

ताई

---

२० डिसेंबर

ताई,

कायदा मोडून मी फोन केला. तुला नाही, घड्याळकाकांना. ते म्हणाले, कोट गेला आठवडाभर तुझ्या दुकानातल्या पुतळ्यावर आहे. तू रोज सकाळी त्याला ब्रश करतेस आणि गिऱ्हाईक आलं की वरून चादर टाकतेस.

खोटं का सांगितलंस? नाही द्यायचा तर नाही म्हण. मी काय हिसकावून नेणार होतो?

मला कारण माहीत आहे. मी सोळाव्या वर्षी निघून गेलो आणि ज्यावर मी बसायचं होतं ते दुसरं मशीन, बाबा, बाबांचं आजारपण, सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात आलं. ते तू कधी बोलली नाहीस, पण मला कधी माफही केलं नाहीस. कोट तुझाच आहे, मान्य. पण मग तसं सांग.

आणि ऐकून घे, मीही एक सांगितलं नव्हतं. मागच्या पत्रात मी बाबांचं वाक्य लिहिलं, माझं लिहिलं नाही. हेडमास्तरीणबाईंसमोर, बेकरीवाल्यासमोर, त्याच्या बायकोसमोर मी ओरडलो होतो, "कापता येत नाही तर दुकान कशाला थाटलंत?" तेरा वर्षांचा होतो मी, काजएवढा. बाबांनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला, गुंडाळला, आणि मग ते "चुकलं माझं" म्हणाले. मी त्यांची माफी कधी मागितली नाही. सगळं आयुष्य उद्या मागू म्हणत राहिलो. म्हणून त्या रविवारी दोन वाजेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. चारशे अकरा लोकांच्या अंगावर तो दीड कोट मिरवताना बघितला आणि मला वाटलं, झालं, मागितली.

कंपनीने ठरवलंय की वर्धापनाला "दुरुस्त कोट" काढायचा, दोन्ही बाह्या करड्या, हजार नग. जुन्याच्या गोष्टीत बाबांचा फोटो. कोट नसेल तरी पाटी लागणारच. छपाई वीस जानेवारीला. तुला काय म्हणायचंय ते त्याआधी म्हण.

बटण

---

२ जानेवारी

चि. बटणास,

तुझं पत्र वाचलं आणि चार दिवस मशीनवर बसले नाही. पाचव्या दिवशी कोट पुतळ्यावरून उतरवला, टेबलावर पालथा घातला आणि डाव्या कुशीचं अस्तर उसवलं. बत्तीस वर्षांत त्या टाक्यांना मी हात लावला नव्हता. बाबांचे टाके. एका बोटात सात, मोजून.

तुला सगळं पहिल्यापासून सांगते. मध्येच पत्र खाली ठेवू नकोस.

तो कोट बाबांनी कापला नाही. मी कापला.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे दवाखान्याच्या चाळीस डगल्यांचं काम होतं, मान वर करायला फुरसत नव्हती. मी एकोणीस वर्षांची. जुने कपडे उसवून पालटून द्यायचे मी, पण बाबा मला नव्या कापडाला कात्री लावू देत नव्हते. तुझं कापड त्यांनी मोजून मापून आणलं होतं, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. पाठ आणि पुढचे भाग त्यांनी खडूने आखले, दोन बोटांवर मायेची रेघ ओढली, मोठी कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कडेने दोन बोटं माया ठेव आणि काप. बाह्या मी मग आखतो."

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

आणि तू त्या वर्षी ताडासारखा वाढत होतास. तीन महिन्यांत पँट घोट्याच्या वर. मी मनात म्हटलं, दोन बोटांनी या उंटाचं काय होणार? चार ठेवू. म्हणजे सोडत गेलं की कोट चार वर्षं पुरेल. बाबा म्हणतील, पोरगी हुशार आहे. ठेवली चार. कुशीला चार, पाठीला चार, खाली चार. कोटाला नव्हे, तंबूला ठेवतात एवढी माया ठेवली.

मग बाह्या आखायला बाबा आले, तर कापड एकाच बाहीचं उरलेलं.

त्यांनी टेप लावला. पुन्हा लावला. मी रडायला लागले. म्हटलं, बाबा, कडेची जास्तीची कापून जोडू या. ते म्हणाले, "मायेच्या पट्ट्या जोडून बाही होत नाही गं. राहू दे आत. पोरगा वाढतोय." आणि फळीवरचा तपकिरी तुकडा काढला.

दुसऱ्या आठवड्यात तू येऊन ओरडलास. मी दारात उभी होते, हातात तीच कात्री. मी बोलायला तोंड उघडलं आणि बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. तू त्यांना टेप गुंडाळताना बघितलंस, त्यांनी माझ्याकडे बघितलेलं तुला दिसलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "शिंप्याची एक चूक लोक विसरतात. शिकाऊ पोरीची विसरत नाहीत. तुला अजून इथेच बसायचंय." खरं होतं. त्याच हेडमास्तरीणबाईंनी वर्षभरात माझ्याकडे पहिला कोट शिवायला टाकला. त्याच बेकरीवाल्याने मुलीच्या लग्नाचे सगळे कपडे माझ्याकडून शिवून घेतले. तू म्हणतोस माझ्या गळ्यात दुकान पडलं. पडलं नाही रे. बाबांनी ते माझ्यासाठी त्या एका वाक्यात राखून ठेवलं.

म्हणून ते नाव मला टोचतं. तू त्यांची चूक जगभर मिरवलीस, आणि ती माझी होती. तू गेल्याचा राग मला कधीच नव्हता. तू असा चिडून गेलास तो माझ्या कात्रीमुळे, असंच मला इतकी वर्षं वाटत आलंय.

आणखी एक सांगते आणि थांबते. तू दोन हिवाळे तो कोट घातलास, मग हात लावला नाहीस. बाबा दर थंडीत विचारायचे, "बटण कोट आणून देतो का गं? सोडायला आला असेल." तू गेल्यावरसुद्धा एकदा विचारलं. मग नाही विचारलं. मग ट्रंकेत ठेवला आणि वर कात्री ठेवली.

अस्तराखाली त्यांची खडूची रेघ अजून आहे. शिलाईपासून दोन बोटांवर. तिच्या पुढे माझी दोन बोटं.

पाटीवर खरं लिही. शिंप्याची नाही, शिंप्याच्या मुलीची चूक. मला आता गिऱ्हाइकांची भीती नाही, अर्धी गिऱ्हाइकं वर गेली. बाबांचं नाव तेवढं मोकळं कर.

ताई

---

२४ जानेवारी

ती. ताईस,

तीन आठवडे पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. रोज लिहायला घेत होतो आणि रोज पहिल्या ओळीवर थांबत होतो. आज ती ओळच सोडून देतो.

तो कोट फार ऊबदार होता, ताई. चिडत होतो तरी दोन हिवाळे घातला तो त्यामुळेच. शाळेत सगळे कुडकुडायचे आणि मी नाही. मला वाटायचं कापडच चांगलं असेल. कुशीत, पाठीला, सगळीकडे दुहेरी होतं ते. तू ठेवलेलं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सांगितलं की गोष्ट बदललीय. माया शब्द त्यांना समजावायला अर्धा तास गेला. आमच्याकडे शिवून घेतलेला कपडा घालणारं कोणी नाही, त्यामुळे सगळ्यांना मायेचा एकच अर्थ ठाऊक. मी म्हटलं, माणूस वाढेल असं धरून आत दुमडून ठेवलेलं कापड. जाहिरातवाली मुलगी म्हणाली, "म्हणजे ते दिसतच नाही?" मी म्हटलं, दिसलं तर शिलाई उसवली असं समजायचं.

मग मी बसलो आणि आपल्या कोटाला आतली बाजू काढली. अस्तर, अस्तराखाली चार बोटं माया, आणि दोन बोटांवर खडूची एक पांढरी रेघ. चारशे अकराच्या चारशे अकरा कोटांना गुपचूप लावून टाकली. मुंढाही नीट केला. खेळात कोट उलटा करता येत नाही, त्यामुळे ती कोणालाही कधी दिसणार नाही. बॉसला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे तर आणखीच दुर्मीळ झालं." त्याचं डोकं तेवढंच चालतं, माणूस वाईट नाही.

पण गंमत ऐक. चार दिवसांत नर्सबाईंचं पत्र आलं. त्या आपल्या प्रत्येक कपड्याची नोंद ठेवतात, यंत्रात तो किती जागा खातो इथपर्यंत. लिहितात, "माझा कोट थोडा जड झालाय. वरून काहीच बदललेलं नाही. आत काय ठेवलंत?" मी त्यांना खरं सांगितलं. उत्तरात त्यांनी एवढंच लिहिलं की आता कळलं, मी हाच का घालते.

ट्रकवाल्या काकांचं दारही उघडलं. मी सहा जणांच्या पाया पडलो, तेव्हा कुठे. त्यांचा कोट आतून बाहेर आला, मायेसकट.

नाव मात्र मी बदललं नाही. रागावू नकोस. बाबांनी सगळ्यांसमोर जी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, ती त्यांच्या अंगावरून उतरवणारा मी कोण? फोटो लावलेला नाही. नावाखाली एक ओळ असते, ती बदलली. आधी होतं, "कापताना अंदाज चुकला." आता आहे, "बाही कमी पडली, कारण माया जास्त ठेवली होती." कोणी ठेवली ते लिहिलं नाही. ते तू, मी आणि काज, आपल्या तिघांत राहू दे.

दुरुस्त कोट निघणारच आहेत, हजार. दुपारपर्यंत संपतील. संपवतील म्हणू.

काचेची पेटी आधीच बनून आली होती. तू कोट पाठवू नकोस. पेटी रिकामी ठेवायची असं ठरलंय आणि आत मी माझ्या हाताने एक कागद लिहून ठेवलाय, "कोट वापरात आहे."

आता मला खोटं पाडू नकोस. काज पोहायला लागल्यापासून खांद्यांनी रुंद झालीय, त्या वयातल्या माझ्यापेक्षा खूपच. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली, "मग तो मला सोडून दे म्हणावं आत्याला." मापं सोबतच्या कागदावर आहेत, मीच घेतली.

बटण

---

११ फेब्रुवारी

चि. बटणास,

अनेक आशीर्वाद.

मापं बघून हसावं की रडावं कळेना. शिंप्याचा मुलगा तू, आणि छातीचं माप घेताना टेप मागून खाली घसरलेला. त्या मापाने शिवलं तर पोरगी कोटात आडवी झोपू शकेल. मी फोनवर काजलाच विचारलं. हो, कायदा मोडला. भांडण झालं नाही, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे. तिच्या अंगाला नीट बसणारा एक सदरा मागवून घेतला आणि त्यावरून काम केलं.

सोबतच्या पार्सलात कोट आहे. कुशीला दोन बोटं सोडली, पाठीला दोन, खाली दोन. बाबांच्या रेघेपर्यंत आले आणि थांबले. उसवलेल्या जागी कापड अजून नवं आहे, करडा रंग जसाच्या तसा. बाकीचा कोट विटला, त्यामुळे बारीक उजळ पट्टे दिसतात. इस्त्रीने जात नाहीत. मी फार प्रयत्नही केला नाही. तपकिरी बाही तशीच आहे. ती बदलू का म्हणून विचारलं तर काज ओरडली.

आतल्या खिशाजवळ एक हिरवं बटण लावलंय, जादा. तुझ्या डब्यातलं, बाबांनी हरवलेलं.

तू त्या नावाखाली लिहिलेली ओळ मी घड्याळकाकांना वाचून दाखवली. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "तुझ्या बापाने मला सांगितलं होतं." म्हणजे बत्तीस वर्षं त्यांना ठाऊक होतं, बघ! मी विचारलं, काय सांगितलं होतं? म्हणाले, "हेच की पोरीचा हात सढळ आहे. कोणाला बोलू नकोस."

तेव्हा बाबांचं नाव मोकळं करायचं राहू दे. त्यांच्या लेखी ते अडकलं होतं कुठे?

आता नीट वाच. अजून दोन बोटं आत आहेत. काज आणखी वाढेल, तेव्हा सोडावी लागतील. टाके मी मुद्दाम कच्चे घातलेत, सहज उसवतील, पण तू हात लावू नकोस. तुझ्या टेपाचा प्रताप मी पाहिलाय. दुसरं मशीन तेल घालून ठेवते. थंडी पडायच्या आत कोट घेऊन ये, आणि तिलाही आण. माप अंगावरच घ्यावं लागतं.

ताई